पिकअप, अ‍ॅव्हरेज आणि पितळेचं जेट

हरभऱ्याच्या दाण्यापेक्षा जरासं मोठं, पितळेचं. एका टोकाला स्क्रूड्रायव्हर बसेल अशी खाच, अंगावर बारीक आटे आणि मधून आरपार गेलेलं भोक. डोक्यावर आकडा कोरलेला : 95, 100, 105. मोटारसायकलच्या कार्बोरेटरमधलं हे मेन जेट. ते मी पहिल्यांदा हातात घेतलं साताऱ्यात, शाळेच्या सुट्टीत, घराजवळच्या गॅरेजात. कॉलेजातला एक मुलगा यामाहाची आरएक्स हंड्रेड घेऊन आला होता. त्याला पिकअप वाढवून हवा होता. मेस्त्रींनी जुनं जेट काढून उजेडाकडे धरलं, एक डोळा मिटून भोकातून पाहिलं आणि डब्यातून एक नंबर मोठं जेट शोधून बसवलं. म्हणाले, "पिकअप येतोय बघ. पण अ‍ॅव्हरेजचं गाऱ्हाणं घेऊन माझ्याकडं यायचं न्हाई."

इंग्रजीत ज्या शब्दाचा अर्थ नुसता सरासरी एवढाच आहे, तो 'अ‍ॅव्हरेज' आपण कधीच स्वतःचा करून घेतला. गाडी लिटरला किती किलोमीटर जाते, ते तिचं अ‍ॅव्हरेज. आणि मूठ पिळली की गाडी किती चटकन पुढे झेपावते, तो तिचा पिकअप. जुनी गाडी बघायला गेलेला माणूस या दोनच गोष्टी विचारतो, आणि एक वाढलं की दुसरं घटणार हे घेणाऱ्याने आणि विकणाऱ्याने, दोघांनीही गृहीत धरलेलं असतं. मेस्त्रींचा इशारा त्याच समजुतीतून आलेला. मीही बरीच वर्षं तेच मानत होतो. पण या पितळी भोकाचा मागोवा घेत मागे गेलं की दिसतं, ही समजूत अर्धीच खरी आहे. इंजिनाची ताकद वाढवण्याच्या काही वाटा पेट्रोल खातात आणि काही वाटा चक्क वाचवतात.

सुरुवातीला जेट नव्हतंच. गोटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी 1885 साली जर्मनीत श्टुटगार्टजवळच्या कानश्टाट इथे लाकडी सांगाड्याची दुचाकी बनवली. तिचं इंजिन 264 सीसीचं, ताकद जेमतेम अर्धा हॉर्सपॉवर. त्या काळच्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोल नुसतं भांड्यात असायचं आणि त्याच्यावरून हवा जायची. जाताना हवा जेवढी वाफ उचलेल तेवढी इंजिनात. थंडी पडली की वाफ कमी, उन्हात जास्त, आणि खड्ड्यात गाडी आदळली की भांडं हिंदकळून भलतंच प्रमाण. पेट्रोलमधला हलका भाग आधी उडून जायचा आणि जड भाग तळाला साचत राहायचा. अशा इंजिनाचं अ‍ॅव्हरेज मोजायचं म्हटलं तरी दर तासाला वेगळं आलं असतं.

1893 साली दोन ठिकाणी एकच कल्पना आली. बुडापेस्टमध्ये दोनात बांकी आणि यानोश चोंका यांनी आणि जर्मनीत मायबाखने पेट्रोल भोकातून ओढून फवारायची युक्ती काढली. अत्तराचा फुगा दाबला की बाटलीतलं अत्तर नळीतून वर चढतं आणि हवेत तुषार होऊन उडतं, तसंच हे. हवेची वाट एका जागी अरुंद करायची. तिथे हवेचा वेग वाढतो, दाब उतरतो, आणि तिथेच उघडणाऱ्या भोकातून पेट्रोल आपोआप वर ओढलं जातं. शेजारच्या वाटीत तरंगणारा फ्लोट पेट्रोलची पातळी सारखी राखतो. हवा जास्त आली तर पेट्रोल जास्त, हवा कमी तर पेट्रोल कमी. किती पेट्रोल जायचं याचा हिशेब भोकाच्या मापात बसवला गेला तो तेव्हापासून.

हे माप फार काटेकोर असतं. बऱ्याच कंपन्यांच्या जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. 100 नंबर म्हणजे एक मिलिमीटर. त्याच्या जागी 110 घातलं तर व्यास फक्त दहा टक्क्यांनी वाढतो, पण पेट्रोल ज्या वाटेने जातं ते क्षेत्रफळ एकवीस टक्क्यांनी वाढतं. डोळ्याला फरक दिसत नाही. मेस्त्री उजेडाकडे धरून बघतात ते भोक स्वच्छ आहे का, एवढंच. मापासाठी त्यांनाही आकड्यावरच भरवसा ठेवावा लागतो.

वजनाने एक भाग पेट्रोल पुरतं जळायला सुमारे 14.7 भाग हवा लागते. पण पूर्ण ताकद हवी असेल तर याहून जास्त पेट्रोल द्यावं लागतं, एका भागाला साडेबारा-तेरा भाग हवा. कारण सिलेंडरमध्ये शिरलेल्या हवेतला सगळा प्राणवायू कामी लागायचा तर थोडं पेट्रोल उरलेलं परवडतं, प्राणवायू उरलेला परवडत नाही. उलट लिटरमागे जास्तीत जास्त अंतर काढायचं असेल तर हवा थोडी जास्त हवी, साडेपंधरा-सोळा भागांपर्यंत, म्हणजे पेट्रोलचा थेंब न थेंब जळेल. पिकअपचं प्रमाण एक, अ‍ॅव्हरेजचं दुसरं. भांडण आहे ते एवढ्याच पट्ट्यात.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या ब्रिटिश मोटारसायकलींवर हे भांडण स्वार स्वतःच्या हाताने मिटवायचा. हँडलवर एक काडी पेट्रोलच्या मिश्रणाची आणि शेजारी दुसरी हवेची. सपाट रस्त्यावर गाडी लयीत लागली की जाणता स्वार हवेची काडी उघडायचा आणि पेट्रोल वाचवायचा. चढ आला की बंद. पुढे कार्बोरेटर बनवणाऱ्या अमॅक, ब्राउन अँड बार्लो आणि बिंक्स या तीन कंपन्या एकत्र येऊन 1927 साली बर्मिंगहॅममध्ये 'अमाल' उभी राहिली. मद्रासमध्ये 1955 पासून बुलेट जोडली जाऊ लागली. तिचा कार्बोरेटर अमालचा, म्हणून जुन्या बुलेटवाल्यांच्या तोंडी हे नाव आजही आहे.

या कार्बोरेटरांनी हवेच्या काडीचं काम हळूहळू एका सुईकडे सोपवलं. मुठीची तार जी पट्टी वर ओढते, तिच्या पोटाला खाली निमुळती होत गेलेली सुई लटकते आणि तिचं टोक मेन जेटच्या वरच्या नळीत उतरतं. मूठ थोडी उघडी असताना पेट्रोल येतं ते छोट्या पायलट जेटमधून आणि हवेच्या स्क्रूच्या हिशेबाने. पाव ते पाऊण मुठीपर्यंत सत्ता सुईची. मेन जेटचा खरा अंमल सुरू होतो तो पाऊण मुठीच्या पुढे, कारण तिथे सुई इतकी वर गेलेली असते की नळीत तिचा अडसर उरत नाही.

साताऱ्याच्या त्या मुलाला ही गोष्ट कुणी सांगितली नव्हती. पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे जाताना त्याची मूठ कधी अर्ध्याच्या पुढे जात नसणार. तिथे नव्या जेटने ना पिकअप दिला, ना पेट्रोल खाल्लं. रहदारीतून चाळीस-पंचेचाळीसच्या वेगाने मोटारसायकल चालवायला दोनेक हॉर्सपॉवर पुरतात. ऐंशीला सहा-सात लागतात, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. अ‍ॅव्हरेज पडलं असेल तर ते त्याने नव्या जेटची मजा घ्यायला वाढे फाट्याच्या पुढे मूठ पुरती पिळली म्हणून. मेस्त्रींना हे पक्कं माहीत होतं. जेट बदलल्यावर त्यांनी त्याला यवतेश्वरच्या घाटात पिटाळलं : "अर्ध्या मुठीवर चढव. वर गेलास की तसाच क्लच दाब, इंजिन बंद कर, आणि तिथंच प्लग काढून बघ." प्लगचं टोक काळं काजळी धरलेलं आलं तर पेट्रोल जास्त, पांढरं फटक आलं तर कमी, चॉकलेटी आलं तर बरोबर. मुलगा तासाभराने परत आला. प्लग काळा होता. मेस्त्रींनी सुईची क्लिप एक खाच वर चढवली, म्हणजे सुई एक खाच खाली बसली आणि मधल्या मुठीला पेट्रोल कमी झालं. अर्ध्या मुठीला तोवर जे वाया जात होतं, ते एका खाचेने वाचलं. मेन जेट मात्र नवंच राहिलं. त्यांचं ते काम मला अजून आठवतं, कारण त्या दिवशी त्या गाडीचा पिकअपही वाढला आणि गावातलं अ‍ॅव्हरेजही.

जेटच्या भोकातून फक्त पेट्रोल किती जायचं ते ठरतं. गेलेल्या पेट्रोलमधून किती काम निघायचं, ते सिलेंडरमध्ये ठरतं. इथे आधी नाव घ्यावं लागतं हॅरी रिकार्डो या इंग्रज इंजिनिअरचं. मिश्रण जितकं दाबून पेटवावं तितकी त्यातून ताकद जास्त निघते, हे आधीपासून माहीत होतं. पण दाब वाढवला की इंजिन आतून टकटक वाजायचं आणि पिस्टन जळायचा. रिकार्डोने पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे या नॉकिंगचा कसून अभ्यास केला, कोणतं पेट्रोल किती दाब सोसतं ते मोजून दाखवलं आणि हेडचा आकार कसा असावा हे सांगितलं. 1921 च्या सुमाराची ट्रायम्फची चार व्हॉल्व्हची मोटारसायकल त्याच्याच नावाने ओळखली जाते.

दाबाचा हिशेब सोपा आहे. कागदावरच्या आदर्श इंजिनात 5.5 पट दाबलं तर उष्णतेतला एकोणपन्नास टक्के भाग कामाला येतो, 9.5 पट दाबलं तर एकोणसाठ. खऱ्या इंजिनात दोन्ही आकडे बरेच खाली येतात, पण फरक राहतो. म्हणजे त्याच पेट्रोलात जास्त काम. जुनी ओतीव लोखंडाच्या इंजिनाची बुलेट साडेपाच-साडेसहा पटीवर चालायची, कारण त्या काळच्या पेट्रोलवर तिला गावोगाव फिरायचं होतं. तिचे 346 सीसी आणि अठरा हॉर्सपॉवर हा हिशेब आजच्या कॉलेजकुमाराला कोड्यासारखा वाटतो. नव्वदच्या दशकाच्या शेवटी ऑस्ट्रियाच्या एव्हीएल या संस्थेच्या मदतीने नवं हेड, जास्त दाब आणि पातळ मिश्रण अशी रचना करून कंपनीने त्याच आकाराचं इंजिन नव्याने घडवलं. ताकदीचा आकडा फारसा हलला नाही, पेट्रोल मात्र कमी लागू लागलं.

टू-स्ट्रोकचा हिशेब निराळा. त्यात जळलेला धूर बाहेर ढकलायचं काम आत येणारं ताजं मिश्रणच करतं. धूर निघताना ताज्या मिश्रणातलाही बराच भाग, वाईट परिस्थितीत चौथा-तिसरा हिस्सा, न जळताच सायलेन्सरमधून बाहेर पडतो. बजाजच्या चेतक स्कूटरच्या मागे उभं राहिल्यावर जो गोडसर पेट्रोलचा वास यायचा, तो टाकीतून निघून रस्त्यावर सांडणारा पैसाच होता.

पूर्व जर्मनीत त्शोपाऊ इथे एमझेडच्या रेसिंग विभागात वाल्टर काडेन याने 1950 च्या दशकात या वाया जाणाऱ्या मिश्रणाला परत ढकलायचा मार्ग पक्का केला. सायलेन्सरचा फुगीर भाग आणि पुढची उलटी निमुळती नळी नेमक्या मापाची ठेवली, तर धुराबरोबर निघालेली दाबाची लाट त्या निमुळत्या भागावर आपटून मागे फिरते आणि निसटू पाहणारं मिश्रण पुन्हा सिलेंडरमध्ये कोंबते. 1961 पर्यंत काडेनच्या 125 सीसी इंजिनाने 25 हॉर्सपॉवर दिले. लिटरमागे 200 हॉर्सपॉवर हा पल्ला तोवर कुठल्याच साध्या श्वासाच्या, म्हणजे हवा दाबून न भरणाऱ्या, इंजिनाने गाठला नव्हता. त्याच वर्षी त्याचा स्वार एर्न्स्ट डेग्नर स्वीडनच्या शर्यतीतून पश्चिमेकडे पळाला आणि सुझुकीला जाऊन मिळाला. पुढच्याच वर्षी त्याने सुझुकीवर 50 सीसीचं विश्वविजेतेपद जिंकलं. जपानच्या टू-स्ट्रोक गाड्यांचा कायापालट इथून सुरू होतो.

पण ती लाट एका ठरावीक वेगालाच वेळेवर परत येते. इंजिन त्या पट्ट्यात फिरत असेल तर ताकद वाढते आणि थेंबही वाचतो. पट्ट्याच्या खाली तीच लाट अवेळी येऊन मिश्रणाची नासाडी करते. म्हणून रेसिंगचा सायलेन्सर लावलेली टू-स्ट्रोक गाडी शहरात हमखास पेट्रोल खाते. यामाहाने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आत येणाऱ्या वाटेवर रीड व्हॉल्व्ह बसवले, पातळ पात्यांची झडप, जी मिश्रणाला उलट फिरू देत नाही. कमी वेगालाही त्यामुळे गाडी ओढू लागली आणि कार्बोरेटरमधून मागे फुंकलं जाणारं पेट्रोल थांबलं. पिकअप आणि अ‍ॅव्हरेज दोन्ही वाढवणारी माझ्या मते टू-स्ट्रोकमधली ही सर्वात मोलाची सुधारणा. आरएक्स हंड्रेडच्या अंगात ती जन्मापासून होती.

भारतात या दोन शब्दांची ओढाताण 1980 च्या दशकात उघड्या रस्त्यावर झाली. 1973 च्या तेलसंकटात कच्च्या तेलाचा भाव काही महिन्यांत चौपट झाला होता आणि त्याची धास्ती मध्यमवर्गाच्या मनात खोल बसली होती. 1983 साली एस्कॉर्ट्सने राजदूत 350 आणली. मूळची यामाहा आरडी 350, जिचे बाहेर 39 हॉर्सपॉवर होते. इथल्या गाडीत ट्युनिंग उतरवून ते साडेतीसवर आणले. तरीही अ‍ॅव्हरेज लिटरला वीस-पंचवीसच्या घरात. मग कंपनीने तिला आणखी आवळून सुमारे 27 हॉर्सपॉवरची आवृत्ती काढली. पहिलीला लोक एचटी म्हणत, दुसरीला एलटी. अ‍ॅव्हरेजसाठी ताकद मुद्दाम उतरवलेली इतकी सरळ दुसरी गाडी मला आठवत नाही. तरी ती चालली नाही. दशक संपता संपता उत्पादन बंद पडलं. आज तीच गाडी हौशी लोक लाखो रुपये मोजून शोधतात आणि एलटीचं एचटी करून घेतात.

1985 साल तर या गोष्टीचा चौक आहे. त्या वर्षी हिरो होंडाची सीडी 100 आली. 97 सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन, सात-साडेसात हॉर्सपॉवर, टाकी भरा आणि विसरा अशी जाहिरात आणि लिटरला ऐंशीचा दावा. त्याच वर्षाच्या शेवटी आरएक्स हंड्रेड आली. 98 सीसी, अकरा हॉर्सपॉवर, वजन शंभर किलोच्या जरा वर. एकाच आकाराची दोन इंजिनं, एकात पोस्टमन आणि प्राध्यापकांचा जीव गुंतला, दुसऱ्यात त्यांच्या मुलांचा. सीडी 100 चं इंजिन मिश्रण बाहेर सांडू देत नव्हतं, दाब चांगला ठेवत होतं आणि माणसाला हळू चालवायला लावत होतं. तिचं अ‍ॅव्हरेज या तिन्ही गोष्टींचं मिळून होतं.

ज्यांच्याकडे फोर-स्ट्रोक नव्हती, त्यांनी जेटकडे मोर्चा वळवला. पुण्याच्या आकुर्डीत बनणारा चेतक तेव्हा महाराष्ट्राच्या घराघरांत होता. त्याच्या कार्बोरेटरच्या मेन जेटमध्ये विजेच्या वायरीतली एकच तांब्याची तार घालायची, दोन्ही टोकं वळवायची. एक मिलिमीटरच्या भोकात पाव मिलिमीटरची तार घातली तर क्षेत्रफळ सहा टक्क्यांनी घटतं. चार दिवस अ‍ॅव्हरेज वाढल्यासारखं वाटायचं. पण चेतकमध्ये इंजिन ऑइल पेट्रोलातच मिसळलेलं असायचं. पंपावर टाकीत टू-टी ऑइल टाकून गाडी हलवून घेत असत ते त्यासाठीच. भोक आवळलं की पेट्रोलबरोबर ऑइलही कमी झालं. शिवाय मिश्रण पातळ झालं म्हणजे पिस्टन जास्त तापतो. आमच्या घरचा चेतक खंबाटकीच्या चढात असाच जाम झाला. पिस्टन, रिंगा, बोअर, सगळं नव्याने करावं लागलं. त्या तारेने वर्षभरात जेवढं पेट्रोल वाचवलं असतं, त्याच्या कितीतरी पट पैसे एका दुपारी गेले. वडिलांना मेस्त्रींनी ती तार दाखवली. ती कुणी घातली होती, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

फोर-स्ट्रोकचा पुढचा मोठा टप्पा पुण्याचाच. बजाजने 2001 साली पल्सर आणली आणि 2003 साली तिला एका सिलेंडरला दोन स्पार्क प्लग दिले. एका प्लगची ज्योत सिलेंडरच्या एका कडेने पेटून दुसऱ्या कडेला पोचायला वेळ लागतो. दोन बाजूंनी पेटवलं की तो वेळ कमी होतो, जळण पुरं होतं, आणि पातळ मिश्रणही नीट पेटतं. पल्सर 150 ची ताकद बारावरून तेरा हॉर्सपॉवरवर गेली आणि अ‍ॅव्हरेजही सुधारलं. ही कल्पना इतकी मोलाची ठरली की तिच्या पेटंटवरून बजाज आणि टीव्हीएस यांच्यातला वाद मद्रास उच्च न्यायालयातून 2009 साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. गावच्या तरुणाने जेट मोठं करून जे मिळवलं, त्याहून जास्त इथे एका जादा प्लगने मिळालं, आणि पेट्रोल न वाढवता.

याच कंपनीची 2007 ची पल्सर 220 फ्युएल इंजेक्शनची होती. 2009 साली ती परत कार्बोरेटरवर आणली, तेव्हा तिची ताकद उलट थोडी वाढली आणि किंमत उतरली. जेटने शेवटची मोठी लढाई जिंकली ती तिथे.

जाहिरातीतला अ‍ॅव्हरेजचा आकडा आणि रस्त्यावरचा आकडा जुळत नाही, ही तक्रार आपण सगळेच करतो. तिचं मूळही पुण्यात सापडतं. तिथे ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था 1966 पासून गाड्यांची तपासणी करते. बरीच वर्षं आपल्याकडे दुचाकीची चाचणी ज्या ठरावीक चक्रावर होत असे, ते एक चक्र 108 सेकंदांचं. सरासरी वेग ताशी बावीस किलोमीटरच्या आसपास आणि सर्वाधिक वेग 42. त्या चाचणीत मूठ कधीच पाऊण उघडत नाही. म्हणजे मेन जेट परीक्षेला बसतच नाही. कंपनीला पिकअपसाठी मेन जेट हवं तेवढं मोठं ठेवायला आणि चाचणीत सुंदर आकडा मिळवायला दोन्ही मोकळीक होती. पुढे जागतिक चाचणीचक्र आलं, वेग वाढला, आणि आकडे जमिनीच्या जवळ आले.

1 एप्रिल 2020 ला धुरावरच्या मर्यादांचं बीएस-6 मानक लागू झालं आणि नव्या मोटारसायकलींमधून पितळी जेट जवळजवळ निघून गेलं. त्याच्या जागी इंजेक्टर आला. त्याच्या तोंडाला अनेक अतिसूक्ष्म भोकं, पण त्यांचं माप कायमचं ठरलेलं. बदलतो तो इंजेक्टर उघडा राहण्याचा वेळ, तोही मिलिसेकंदांत, आणि तो ठरवतो ईसीयू, म्हणजे गाडीतला छोटा संगणक. त्याच्या पोटात एक तक्ता असतो : एवढे आरपीएम, एवढी मूठ, तर एवढा वेळ. पूर्वी सुईची निमुळती धार जे काम करायची, ते आता त्या तक्त्यातल्या आकड्यांच्या रांगा करतात. सायलेन्सरच्या तोंडाशी बसलेला ऑक्सिजन सेन्सर धुरात प्राणवायू किती उरला हे बघतो आणि साध्या चालीत मिश्रण सतत 14.7 च्या आसपास आणून ठेवतो.

म्हणून आजचा तरुण कापडी जाळीचा महागडा एअर फिल्टर बसवतो तेव्हा साध्या चालीत अ‍ॅव्हरेज वाढतही नाही आणि घटतही नाही. हवा मोकळी झाली तरी ईसीयू पेट्रोल त्या हिशेबाने बसवतो आणि त्याच वेगाला मूठ थोडी कमी उघडावी लागते, इतकंच. असे फिल्टर कॅलिफोर्नियात 1969 पासून बनतात, आणि कार्बोरेटरच्या काळात जेट मोठं केल्याशिवाय त्यांचा उपयोग होत नसे. आता जेटच्या जागी तक्ता बदलावा लागतो, त्याला रीमॅप म्हणतात. पूर्ण मुठीला ईसीयू सेन्सरचं ऐकत नाही, तक्त्यावरच चालतो. रीमॅप केलेली गाडी तिथे जास्त पेट्रोल मागते. थोडक्यात, आरएक्स हंड्रेडच्या मेन जेटचा कारभार जिथे होता, तिथेच या नव्या जेटचाही आहे.

जुन्या गाड्यांत मात्र जेट अजून आहे आणि आता त्याच्यावर वेगळी वेळ आली आहे. 2025 पर्यंत आपल्या पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल सर्वदूर झालं. त्यातलं कितीतरी इथेनॉल कोल्हापूर-सांगलीच्या उसाचं. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांश एवढीच ऊर्जा असते, त्यामुळे मिश्रणाच्या एका लिटरमधली ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी कमी होते. शिवाय इथेनॉल जळायला हवा कमी लागते, एका भागाला नऊ भाग. म्हणजे या मिश्रणाचं प्रमाण 14.7 नव्हे, साडेतेराच्या आसपास येतं. नवी इंजेक्शनची गाडी सेन्सरच्या आधारे हे सांभाळून घेते. तीस वर्षांपूर्वीच्या कार्बोरेटरचं भोक मात्र जुन्याच पेट्रोलच्या मापाचं आहे, त्यामुळे गाडी आपोआप पातळ मिश्रणावर चालते, जेटमध्ये ती तांब्याची तार घातल्यासारखी. तिथे एक नंबर मोठं जेट घालणं पिकअपसाठी नसतं. पिस्टन वाचवण्यासाठी असतं, आणि ते घातल्याने अ‍ॅव्हरेज पडलं तर ते इंधनातल्या ऊर्जेमुळे.

तुमच्या घरी अशी जुनी गाडी असेल आणि मेस्त्री जेट बदलणार असतील, तर आधी तीन वेळा टाकी फुल करून किलोमीटर वहीत लिहा आणि बदलल्यावर परत तीन वेळा. एका टाकीवरून काही ठरवू नका. टायरचं माप बदललं असेल तर किलोमीटरचा काटाही खोटं बोलतो, ते ध्यानात धरा. मोठं जेट घातल्यावर यवतेश्वर असो की खंबाटकी, एकदा चढाला नेऊन प्लग बघा. आणि काढलेलं जुनं जेट मेस्त्रींच्या डब्यात जाऊ देऊ नका. नंबर लिहून कागदात गुंडाळा आणि टूलकिटमध्ये ठेवा.